चाळीस अंशांचे पाणी

पाण्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही, असे आम्हांला शाळेत शिकविले गेले. व्याख्या म्हणून ते ठीक असेल. पण असे पाणी आम्ही आजवर कोठे पाहिलेले नाही. आमच्या वसईच्या पट्ट्यात तर विहिरीगणिक चव बदलते. समुद्राकडच्या विहिरी मचूळ, बावखलाच्या काठच्या विहिरींना पालापाचोळ्याचा वास, आणि एखाद्याच भाग्यवंताच्या वाडीत गोडे पाणी. पाणी हे नुसते पाणी कधीच नसते. त्यात दगड विरघळलेला असतो, हवा विरघळलेली असते; आणि माणूस पाण्यात उतरला की तोही थोडा विरघळतो. हे शेवटचे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही. ज्या पाण्याविषयी आज आम्ही वाचकांशी बोलणार आहोत, त्याचा सारा प्रश्नच मुळी तेथून सुरू होतो.

हे पाणी आम्ही कॅनडात पाहिले. टोरोंटो शहराला लागून मिसिसागा नावाचे गाव आहे. गाव कसले, मोठे शहरच ते. तेथे आमचा भाचा राहतो, आणि त्याच्याकडे आमची थोरली बहीण राहते. २०२३ सालच्या ऑक्टोबरात आम्ही सहा आठवडे तेथे होतो. घराच्या मागच्या अंगणात, लाकडी ओट्यावर, झाकण लावलेले एक मोठे चौकोनी टाके होते. त्याला तिकडे हॉट टब म्हणतात. ज्या वाचकांची मुले परदेशी आहेत त्यांना तो ठाऊक असेल. इतरांसाठी थोडे वर्णन करतो. आत पाचसहा माणसांना बसण्याजोग्या बैठका, सुमारे दीड हजार लिटर पाणी, विजेवर चालणारा तापक, पाणी गाळणारी एक गाळणी, आणि भिंतींत बसविलेल्या तोट्या. त्या तोट्यांतून हवा व पाणी जोराने पाठीवर, गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर येते. पाण्याची उष्णता जास्तीत जास्त चाळीस अंश सेल्सिअस ठेवावी, त्यापुढे जाऊ नये, असा तेथील दंडक आहे.

आता खरी गोम ऐका. हे पाणी रोज ओतून देत नाहीत. आज उतरलेला माणूस उद्या त्याच पाण्यात उतरतो, त्याची बायको उतरते, मुले उतरतात, पाहुणे उतरतात, आणि पाणी तेच! दोन-तीन महिने तेच! आपल्याकडे स्नान म्हणजे तांब्याने अंगावर घेतलेले पाणी मोरीतून वाहून जाणे. एकाने अंग धुतलेले पाणी दुसऱ्याने घेणे ही कल्पनाही आपल्याला सोसवत नाही. आमच्या बहिणीने प्रथम हे ऐकले तेव्हा ती म्हणाली होती, "तीन महिने तेच पाणी? त्यापेक्षा म्हशीसारखी बावखलात जाऊन बसेन की!" (तिचे बोलणे आम्ही येथे पुस्तकी मराठीत देत आहोत. आमच्या बोलीतला त्याचा ठसका वेगळाच.)

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे वसईकरांना परकी नाहीत. सांधे धरलेली माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. आमची आजीही बैलगाडीतून जाई असे घरी सांगत. परंतु तेथील पाणी जमिनीच्या पोटातून येते व वाहते. मागचे पाणी पुढच्याला वाट करून देते. अंगणातल्या टाक्याला झरा नाही आणि ओहोळही नाही. जे झऱ्याने व्हायचे ते तेथे डबीतल्या पुडीने करावे लागते.

या टाक्याचा जन्मही सांध्यांच्या दुखण्यातूनच झाला. त्याची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. इटलीच्या ईशान्येकडील फ्रिऊली प्रांतातून जकुझी नावाचे सात भाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. बर्कली गावी त्यांनी विमानांचे पंखे बनविण्याचा कारखाना काढला, पुढे विमानही बनविले. १९२१ साली त्यांचे एक विमान कोसळले आणि त्यात एक भाऊ गेला. घरच्यांनी विमानाचा नाद सोडायला लावला, तेव्हा ते शेतीच्या पंपांकडे वळले. त्यांपैकी कँडिडो या भावाच्या लहानग्या मुलाला संधिवाताने गाठले. रुग्णालयात त्याला ढवळत्या गरम पाण्याचे उपचार देत. ते घरी रोज देता यावेत म्हणून पंप बनविणाऱ्या बापाने घरच्या स्नानपात्रात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५० नंतरच्या दशकात तो बाजारात आला, आणि १९६८ साली रॉय जकुझी याने तोट्या भिंतीतच बसविलेले पात्र काढले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात काही मंडळी द्राक्षासवाच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून बसू लागली होती. आजचा हॉट टब या दोघांचा वारस आहे. लोक त्याला श्रीमंतांची चैन म्हणतात. आता ती बहुतांशी चैनच आहे, हे खरे. पण मुळात ती एका आजारी मुलासाठी त्याच्या बापाने केलेली खटपट होती.

आमच्या भाच्यानेही ते टाके आईसाठीच घेतले. बहीण आमच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आमच्या लहानपणी आई वाडीत राबे तेव्हा आम्हांला कडेवर घेऊन विहिरीवर जाई ती हीच. चौथी इयत्तेनंतर तिची शाळा सुटली. आमची सेमिनरीपर्यंत चालू राहिली. पुढे तिचे यजमान गेले, मुलगा परदेशी स्थिरावला, आणि साठी उलटल्यावर ती त्याच्याकडे गेली. तेथील थंडीत तिच्या हातांची बोटे वाकडी होऊ लागली. संधिवाताचा जो प्रकार शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच उलटून सांध्यांवर धावल्याने होतो, तो तिला झाला. त्यावर जे औषध देतात ते त्या शक्तीलाच आवर घालते. त्यामुळे दुखणे कमी होते, पण बाहेरच्या रोगजंतूंना दार थोडे किलकिले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. डॉक्टरांनी तिला टाक्यात बसण्याची परवानगी दिली ती दोन अटींवर: पाणी अडतीस अंशांच्या वर नको व पाऊण घटकेहून अधिक बसणे नको, आणि पाण्याची तपासणी झाल्याशिवाय पाय ओला करायचा नाही.

दुसरी अट भाच्यावर होती. तो कामाला जायचा अंधारात, परतायचा अंधारात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून अंदाजाने पूड टाकायची, हा त्याचा क्रम. आम्ही जाण्यापूर्वीच्या ऑगस्टमध्ये जोडून सुट्टी आली. मित्रमंडळी जमली, मुले-मोठी मिळून सात-आठ जण दुपारभर त्यात डुंबले. दोन दिवसांनी नातवंडांच्या पाठीवर, मांड्यांवर, जेथे पोहण्याचा पोशाख घट्ट बसतो नेमके तेथे, लाल पुटकुळ्या उठल्या. डॉक्टरांनी पाहताच विचारले, "घरी हॉट टब आहे काय?" स्यूडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळांशी शिरून हे करतो. मुलांच्या अंगावरचे आठवडाभरात आपोआप गेले. बहीण त्या दुपारी उतरली नव्हती. पण डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन जे सांगितले, ते ऐकून त्याने त्याच रात्री टाके विकायला काढले.

डॉक्टरांनी जे सांगितले ते लीजनेला नावाच्या जंतूविषयी होते. १९७६ साली फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. त्यानंतर कित्येकांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि तिसाच्या आसपास माणसे दगावली. कारण कोणालाच कळेना. काही महिन्यांनी जंतू सापडला, आणि सैनिकांच्या त्या संघटनेवरूनच त्याला नाव मिळाले. हा जंतू पाण्यात राहतो. साधारण पंचवीस ते बेचाळीस अंशांचे कोमट पाणी त्याला मानवते. म्हणजे आमच्या टाक्याची उष्णता त्याला अगदी जिव्हाळ्याची! तो पिण्यातून बाधत नाही, श्वासातून बाधतो. तोट्यांतून हवा घुसळली गेली की पृष्ठभागावर जो बारीक तुषार उठतो, त्यावर बसून तो छातीत जातो. १९९९ साली नेदरलँडमध्ये बोवेनकार्स्पेल येथे फुलांचे प्रदर्शन भरले होते. त्यात एक हॉट टब केवळ विक्रीसाठी मांडून चालू ठेवला होता. त्यात कोणी उतरले नव्हते. लोक फुले पाहत शेजारून चालत गेले, इतकेच. त्यांतील किमान ३२ जण मरण पावले. २०१९ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका जत्रेत पुन्हा तसेच घडले. शंभरावर माणसे आजारी पडली व चार गेली. वृद्ध, फुप्फुसांचे रोगी आणि प्रतिकारशक्ती दबलेली माणसे यांना त्याचा धोका सर्वांत अधिक. आमची बहीण यांपैकी दोन प्रकारांत बसत होती.

टाके विकायचे ठरले तेव्हा बहीण काही बोलली नाही. ती सहसा बोलत नाहीच. पण दुसऱ्या दिवशी तिला चहाची किटली उचलता आली नाही, तिसऱ्या दिवशी शर्टाचे बटण लावता आले नाही. चौथ्या दिवशी तिने मुलाला सांगितले, "मला ते रंगाचे कागद कसे बघायचे तेवढे दाखव. विहीर मी सांभाळली आहे. ही तर हौद आहे."

आम्ही पोहोचलो तेव्हा या गोष्टीला दोन महिने होऊन गेले होते, आणि हौदाची सारी सत्ता तिच्या हाती आली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने सर्व डब्यांवर कागद चिकटवून देवनागरीत नावे लिहिली होती. एकावर 'खायचा सोडा', दुसऱ्यावर 'धुवायचा सोडा', तिसऱ्यावर 'आंबट पूड', आणि चौथ्यावर, जी कपाटात सर्वांपासून दूर ठेवलेली होती, 'क्लोरीन, मुलांनी हात लावू नये'. भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले होते. त्याच्या प्रत्येक चौकटीत, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, तीन-तीन आकडे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ते पाण्याचे आकडे.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेतच संपला होता. तो या वयात चौथी शिकलेल्या बहिणीने पुन्हा जोडून दिला, हे येथे नमूद केले पाहिजे.

पहिला आकडा क्षारतेचा. पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट किती, हे तो सांगतो. दहा लाख भागांत ८० ते १२० असावा. कमी असेल तर खायचा सोडा टाकायचा. दीड हजार लिटरांत सुमारे २५ ग्रॅम टाकला की आकडा दहाने चढतो. दुसरा आकडा सामूचा. हा शब्द आपल्या शेतकरी वाचकांना माती-तपासणीच्या कागदावर भेटलेला असेल. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने ही मोजपट्टी तयार केली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती, तेव्हा पाण्याच्या या मापाला मद्याचे ऋण मान्य करावे लागते! सात म्हणजे समतोल. खाली गेले की आम्ल, वर गेले की अल्कली. आणि एक घर सरकले की दहापट फरक. टाक्याचे पाणी ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान हवे. खाली उतरले तर तापकाचे धातू खाल्ले जातात व डोळे चुरचुरतात. वर चढले तर पाणी गढूळते, तोट्यांना चुन्याची पुटे चढतात. उतरवायला 'आंबट पूड', म्हणजे सोडियम बायसल्फेट. चढवायला धुवायचा सोडा.

आम्ही विचारले की हे दोन वेगळे आकडे कशासाठी? दोन्ही आंबट-तुरटाचेच माप ना? त्यावर ती क्षणभर थांबली व म्हणाली, "फादर, एक आहे पाण्याचा राग, दुसरा आहे पाण्याचा धीर. धीर नसला तर चिमूटभर पुडीने पाणी इकडचे तिकडे होते. म्हणून आधी धीर बघायचा, मग राग." (आम्ही धर्मगुरू झाल्यापासून चारचौघांत ती आम्हांला 'फादर' म्हणते, स्वयंपाकघरात 'अरे' म्हणते. हे उत्तर 'फादर'चे होते, कारण नातवंडे जवळ होती.) पुढे आम्ही पुस्तकांत पाहिले तर रसायनशास्त्रज्ञ याहून वेगळे काही सांगत नाहीत, फक्त लांबण लावून सांगतात. क्षारता ही सामूला सावरून धरणारी शक्ती होय. ती आधी नीट केल्याशिवाय सामूच्या मागे धावणे व्यर्थ आहे. शिवाय तोट्या चालू केल्या की घुसळणीने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू आपोआप वर चढतो. बहिणीने हे कोठे वाचलेले नव्हते. 'कालनिर्णया'च्या चौकटी पाहून तिने ते ओळखले होते: ज्या रात्री मुले बुडबुडे करतात, दुसऱ्या सकाळी आकडा वर.

तिसरा आकडा क्लोरीनचा. अमेरिकेची सी.डी.सी. ही आरोग्यसंस्था सांगते की अशा टाक्यात मोकळा क्लोरीन दहा लाखांत किमान तीन भाग हवा. दीड हजार लिटरांच्या मानाने ती पूड जेमतेम आठ ग्रॅम होते, म्हणजे लहान दोन चमच्यांच्या आत. पण क्लोरीन टाकला म्हणजे तो काम करतोच असे नाही. पाण्यात गेल्यावर त्याचे जे हायपोक्लोरस आम्ल बनते, तेच जंतूंना मारते. आणि ते किती बनेल हे सामूवर अवलंबून. सामू सात असता क्लोरीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या कामाच्या रूपात असतो, साडेसातला निम्मा, आणि आठाला चतुर्थांशच. डबी तीच, चमचा तोच. पण पाणी बिघडलेले असेल तर चार शिपायांतला एकच जागा असतो. भाचा अंदाजाने पूड टाकीत होता तेव्हा नेमके हेच होत असले पाहिजे.

येथे एका समजुतीविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती आपल्याकडेही घट्ट रुजली आहे. पाण्याला औषधाचा उग्र वास आला की आपण म्हणतो, क्लोरीन जास्त झाला. बहुधा खरे याच्या उलट असते. क्लोरीन जेव्हा घामातील, लघवीतील द्रव्यांशी संयोग पावतो, तेव्हा क्लोरामाइन बनतात आणि तो झणझणीत वास व डोळ्यांची आग त्यांची असते. म्हणजे वास येतो तो क्लोरीन पुरला नाही, खर्ची पडला म्हणून. अशा वेळी पाण्याला एकदम भरपूर मात्रा देऊन ती सारी घाण जाळून टाकावी लागते. तिकडे त्याला 'शॉक' देणे म्हणतात. स्वच्छ आणि नीट राखलेल्या टाक्याला वास जवळजवळ येत नाही. बहिणीचा पहिला पहारेकरी तिचे नाकच होते. झाकण उचलले, वास आला, की त्या दिवशी कोणीही उतरायचे नाही. मग दारात पाहुणे उभे असले तरी बेहत्तर. उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने अंग धुऊन साध्या पाण्याने खळखळून यायचे, हाही तिचाच कायदा. नातवंडांचे मित्र तिला भिऊन असत.

तिच्या इतर शिस्ती थोडक्यात सांगतो. दोन पुड्या एकमेकींत कधी मिसळायच्या नाहीत, एका पुडीचा चमचा दुसरीला लावायचा नाही; भलत्या जोड्या पेट घेतात, विषारी वायू सोडतात. पूड पाण्यात टाकायची, पाणी पुडीवर ओतायचे नाही. टाकल्यावर पंप चालू ठेवून झाकण वीस मिनिटे उघडे ठेवायचे. गाळणी दर आठवड्याला धुवायची. आणि पाणी बदलायचेच, ते कितीही नितळ दिसो. याला कारण आहे. त्या पुडीतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात येते. क्लोरीन खर्च होतो, हे आम्ल मात्र साठत राहते व पुढच्या क्लोरीनचे हात धरून ठेवते. कागदावर रंग नीट दिसतो, पण जंतू मरायला वेळ लागतो. त्यामुळेच सी.डी.सी. हॉट टबमध्ये अशी पूड वापरू नये असे सुचवते. घरोघर मात्र तीच वापरली जाते. आम्ही हे भाच्याला सांगितले तेव्हा त्याने दुकानातून दुसरी चौकशी करून आणली. हल्ली ती साध्या द्रव क्लोरीनवर आहे. तो द्रव सामू चढवतो, म्हणून आंबट पूड अधिक लागते, अशी तिची तक्रार आहे.

जुने पाणी सोडण्यापूर्वी नळ्यांच्या आतला बुळबुळीत थर सुटावा म्हणून एक औषध टाकून पंप फिरवतात. आम्ही तेथे असताना हे एकदा झाले. जे पाणी आरशासारखे दिसत होते, त्याच्यावर अर्ध्या तासात राखाडी फेस आणि बोटभर चिंध्यांसारखे काहीतरी तरंगू लागले. लीजनेला याच थरात घर करतो. तेथे त्याला क्लोरीन सहसा गाठू शकत नाही. आम्हांला ते पाहवेना. बहीण म्हणाली, "बघून घ्या. पाणी तोंडावर किती गोड बोलत होते!" मग क्लोरीन उतरेपर्यंत चार दिवस झाकण उघडे ठेवून तिने वाट पाहिली आणि त्यानंतरच पाणी सोडले. क्लोरीनचे पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात, हे तिला शेजारणीने सांगितले होते.

बायबलमध्ये, राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, यरीहोचे लोक एलिशाकडे येतात. गाव चांगले, पण पाणी वाईट, अशी त्यांची तक्रार असते. तो नव्या वाटीत मीठ मागवतो आणि झऱ्याच्या उगमाशी जाऊन ते टाकतो. मिठाने झरा शुद्ध होत नाही, हे रसायनशास्त्र सांगेल. तो चमत्कार होता, हे आम्ही सांगू. पण तो उगमापर्यंत चालत गेला, गावातल्या हंड्यांत त्याने मीठ टाकले नाही, हे या वर्षी तो पाठ वाचताना प्रथमच आमच्या ध्यानात आले.

आता घरच्या विहिरीकडे. ज्या चर्चमध्ये आम्ही सध्या आहोत त्याच्या आवारात एक विहीर आहे. व्यास तीन मीटर, पावसाळ्याआधी पाणी चार मीटर. गुणाकार केला तर सुमारे २८ हजार लिटर. आसपासची वीसेक घरे नळाला पाणी नसेल त्या दिवशी तेच पितात. सार्वजनिक आरोग्याची पुस्तके सांगतात की स्वच्छ पाण्याच्या हजार लिटरांना अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. म्हणजे आमच्या विहिरीला ७० ग्रॅम. पावसाच्या गढूळ पाण्याला अधिक. ती बादलीत कालवायची, चुना पाच-दहा मिनिटे खाली बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचे, ती बादली दोराने विहिरीत पृष्ठभागाखाली सोडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची, आणि तासभर कोणी पाणी भरायचे नाही. तासानंतर पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. खेडोपाडी या पुडीला 'टी.सी.एल.' म्हणतात, आणि ते उरलेले माप पाहण्याच्या लहानशा उपकरणाला क्लोरोस्कोप.

प्रत्यक्षात काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. जूनमध्ये एक माणूस येतो, पुडीच्या दोन मुठी वरून भिरकावतो व वहीत सही घेऊन जातो. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. त्याला जे शिकविले नाही ते त्याने कोठून करावे? त्यातच पूड ज्या गोणीतून येते ती गोणी. ताज्या पुडीत क्लोरीन शेकडा ३३ च्या आसपास असतो. पण हवा व ओल लागली की तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. एका कार्यालयाच्या व्हरांड्यात अशी गोणी तोंड उघडे टाकून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. मराठीत 'चुना लावणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ आम्हांला तेथे अक्षरशः दिसला. दुसरीकडे गावकरीही कमी नाहीत. टी.सी.एल. टाकले की चहा नासतो, असे सांगून माणसाला कुंपणावरूनच परत लावणारी घरे आमच्याच धर्मग्रामात आहेत. मग श्रावण सरता सरता गॅस्ट्रोचे रोगी निघतात, त्यांत लहान मुले अधिक, आणि अर्ध्या रात्री सलाईनच्या बाटल्यांची धावाधाव होते.

परतल्यानंतरच्या जूनमध्ये आम्ही युवक-युवतींच्या गटातील चौघांना बोलावले. त्यांना मिठाचे खडे दिले नाहीत, क्लोरोस्कोप दिला. पुडी नीट कालवली, चुना बसू दिला, बादली फिरवली. तासाने नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले. रंग आला नाही. पाण्यात पिवळेपणाची छटासुद्धा नव्हती. पुन्हा केले, पुन्हा तेच. बहिणीला रात्री दूरध्वनी केला. तिकडे सकाळ होती. ती टाक्यापाशीच होती. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "अरे, गोणी कधीची आहे?"

आम्ही दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. मिळालेली पूड निर्जीव असल्याचे त्यात लिहिले, तपासणीचा निकाल जोडला आणि नवी सीलबंद गोणी मागितली. तीन वेळा जावे लागले. तोवर विहिरीवर पाटी लावून पाणी उकळून पिण्याची सूचना रविवारच्या मिस्सेनंतर दोनदा केली. सतराव्या दिवशी गोणी आली. त्या संध्याकाळी नळीत हळदीच्या पाण्यासारखा फिकट पिवळा रंग उतरला. गटातल्या एका मुलीने तो आकडा वेदीमागच्या खोलीतील दिनदर्शिकेवर लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा मोजायला कोण येणार यावरून चौघांची थोडी बाचाबाची झाली.